सिबिल 668 : थेरगावच्या एका गृहकर्जाचं प्रकरण

फेब्रुवारी 2025 चा पहिला रविवार. मागच्या सोसायटीत भाड्याने राहणारा एक तरुण प्लॅस्टिकची फाइल घेऊन घरी आला. सोबत बायको. चहा यायच्या आतच त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. हिरव्या कमानीखाली 731 असा आकडा : आजवरची कर्जं कशी फेडली त्यावरून मिळणारा स्कोअर, ज्याला सगळे 'सिबिल' म्हणतात. "काका, हा माझा स्कोअर. आणि बँकेतल्या मॅडम म्हणतात 668. खोटं कोण बोलतंय?"

कुणीच नाही, असं मी म्हणालो तेव्हा तो जरा हिरमुसला. एकजण खोटा निघाला असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत 32 वर्षं काढली, त्यातली शेवटची 9 कर्ज विभागात. निवृत्तीनंतर माझ्याकडे लोक येतात ते नाकारलेला अर्ज घेऊन. ज्याचं मंजूर झालं तो कशाला येईल? या प्रकरणात अघटित असं काही घडलेलं नाही. पण "घराच्या कर्जाला सिबिल खरंच लागतं का हो?" या प्रश्नाचं उत्तर सहसा हो-नाहीत दिलं जातं. इथे ते रुपयांत मांडता आलं, आणि ते उत्तर मलाही थोडं अनपेक्षित निघालं. दोघांना विचारून लिहितो आहे. नावं देत नाही.

मागणी काय होती

तो 34 वर्षांचा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. हातात पगार 62,000. ती 31 वर्षांची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ, हातात 34,000. थेरगावात 17,000 भाडं. त्याच भागात सातव्या मजल्यावरचा जुना टू बीएचके 58 लाखांत ठरत आला होता. मालकाला 1 लाख इसार देऊन 45 दिवसांची मुदत घेतली होती.

कर्ज हवं होतं 42 लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे इथे 46.40 लाख. मागणी त्याच्या आतच होती. उरलेले 16 लाख, 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्क 4.06 लाख आणि नोंदणीचे 30,000 हे पदरचे. भविष्य निर्वाह निधीतून काढलेले, गावच्या जागेतल्या हिश्शाचे आणि सासऱ्यांनी दिलेले असे मिळून त्यांनी 21 लाख उभे केले होते. हप्ता झेपत होता का? 42 लाख, 20 वर्षं, 8.50 टक्के धरले तर 36,448 रुपये. दोघांच्या 96,000 मध्ये तो सहज बसतो. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र होतं, वकिलाचा सर्च रिपोर्ट स्वच्छ होता. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर पहिली पाच पानं मी भराभर उलटली असती.

पहिल्या बँकेने सहाव्या पानावर, म्हणजे सिबिलच्या रिपोर्टावर, नाकारला. त्या बँकेची आतली रेघ 700 ची होती. ही रेघ रिझर्व्ह बँकेची नसते, हे आवर्जून सांगायला हवं. गृहकर्जाला अमुक स्कोअर हवाच असा कुठलाही सरकारी आकडा नाही. प्रत्येक बँक आपापली रेघ ओढते आणि ती दारावर लिहून ठेवत नाही. दुसऱ्या बँकेने नाही म्हटलं नाही. 9.40 टक्के दर सांगितला, 42 ऐवजी 36 लाख देऊ केले आणि 1,18,000 रुपयांचा एकरकमी विमा कर्जातच जोडला. (हा विमा ऐच्छिक असतो. पण फॉर्मांच्या गठ्ठ्यात त्याच्या सहीच्या जागीही पेन्सिलची फुली असतेच.) त्याच बँकेत त्याच आठवड्यात 750 च्या वरच्या माणसाला 8.50 चा दर होता.

दोन आकडे कसे

आपल्याकडे हे स्कोअर काढायचं काम चार कंपन्या करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. सिबिल त्यातली सगळ्यात जुनी, 2000 सालची. म्हणून चौघींच्या कामाला आपण 'सिबिल' म्हणतो, जसं फोटोकॉपीला झेरॉक्स. सगळ्यांचं माप 300 ते 900. बँका माहिती चौघींकडे पाठवतात, पण प्रत्येकीचं गणित वेगळं आणि माहिती पोचण्याचा वेळही मागेपुढे. मोबाइलवरच्या ॲपने त्याला दुसऱ्याच कंपनीचा आकडा दाखवला होता. तोही खराच होता, फक्त त्याच्या बँकेने तो मागवला नव्हता.

एवढं सगळं त्या आकड्याभोवती फिरतंय हे खरं आहे. खेड्यात पीककर्जासाठी 'सिबिल' निघतं, त्यावरून मुख्यमंत्री बँकांना दम भरतात. त्याच फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला मुलाचा सिबिल बघून ठरत आलेलं लग्न मोडल्याची बातमी आली होती. ती वाचून या नवऱ्याने बायकोला विचारलं म्हणे, "तू आधी बघितला असतास तर?" तिने उत्तर दिलं नाही, असं तोच सांगतो.

मी त्याला म्हटलं, आकडा बाजूला ठेव, रिपोर्ट काढ. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतःचा स्वतः काढला तर स्कोअर कमी होत नाही. त्याने तोवर तो एकदाही काढलेला नव्हता. पाच जणांनी त्याचा रिपोर्ट वाचला होता, त्याने नाही.

रिपोर्टात काय निघालं

खुर्चीवर असताना आकड्याकडे मी एकदाच बघायचो आणि खाली उतरायचो. 668 एकाने दारू-जुगारात मिळवलेला असतो आणि दुसऱ्याने भिडेखातर. आकड्याला हा फरक कळत नाही. अधिकाऱ्याला कळायला हवा. वेळ असला तर.

सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी नोंद होती दुचाकीची. 2018 मध्ये घेतलेलं कर्ज, 2021 मध्ये फेडलेलं. रिपोर्टात ते अजून चालू होतं आणि 4,212 रुपये बाकी दिसत होते. "पण मी तर एनओसी घेतली, आरसीवरचा बोजासुद्धा उतरवला!" तो म्हणाला. बरोबर होतं. चूक कर्ज देणाऱ्या कंपनीची होती. कर्ज बंद झाल्याची नोंद तिने कधी कळवलीच नव्हती. चार वर्षं ही चूक तशीच राहिली, कारण कुणी बघितलं नाही.

दुसरी नोंद क्रेडिट कार्डाची, आणि इथे मी थांबलो. 60,000 मर्यादेचं कार्ड. 2020 च्या टाळेबंदीत कारखान्याने पगार निम्मा केला, त्याने कार्ड भरणं सोडलं. वास्तविक त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती, कार्डांनाही. ती घेतली असती तर व्याज चढलं असतं, पण थकबाकीदार म्हणून नोंद लागली नसती. त्याने विचारलंच नाही. बँकेचा फोन आला की तो कट करायचा. 2021 मध्ये बाकी 83,000 वर गेली तेव्हा वसुलीवाल्याचा फोन आला : 32,000 भरा, विषय संपवून टाकू. त्याने आईकडून उसने घेऊन भरले आणि पत्र मिळवलं. ते पत्र त्याने फाइलमध्ये प्लॅस्टिकच्या वेगळ्या कव्हरात जपलं होतं, प्रमाणपत्रासारखं.

रिपोर्टात त्या खात्यापुढे लिहिलं होतं, 'सेटल्ड'.

हा शब्द किती जणांना फसवतो! आपल्याला वाटतं, मिटलं. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, याने सगळे पैसे दिले नाहीत, आम्ही 51,000 वर पाणी सोडलं. पूर्ण भरून बंद केलेल्या खात्यावर 'क्लोज्ड' येतं. या दोन शब्दांत गृहकर्जाचा अधिकारी जेवढा फरक मानतो तेवढा सोयरीक जुळवणारेही पत्रिकेत मंगळ असण्या-नसण्यात मानत नसतील. कारण सरळ आहे. वीस वर्षांचं कर्ज देताना प्रश्न हा नसतो की याच्यावर कधी वाईट वेळ आली का. वीस वर्षांत ती येणारच. वेळ आली की हा फोन उचलतो का, हा प्रश्न असतो.

तिसऱ्या नोंदीवर तो स्वतः चकित झाला. "हे माझं नाहीच!" 2022 मध्ये सांगोल्याच्या मामेभावाने 'छोटा हत्ती' हा लहान टेम्पो घेतला, डाळिंबाची क्रेट वाहायला. हप्ता 14,200, पाच वर्षांसाठी. फायनान्सवाल्यांना जामीनदार हवा होता आणि पुण्यात नोकरी असलेला भाचा मामाला आठवला. त्याने सही केली, पेढा खाल्ला आणि विसरून गेला. 2024 च्या पावसाळ्यात बागेवर तेल्या रोग पडला, क्रेट निघाली नाहीत, हप्ते अडले. रिपोर्टात त्याच्या नावापुढे 'जामीनदार' म्हणून ते कर्ज होतं आणि नोव्हेंबरपासूनच्या चौकटीत थकलेल्या दिवसांचे आकडे चढत गेले होते : 28, 59, 90. तीन हप्ते, 42,600 रुपये.

भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्यातलं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. म्हणजे ही काही सिबिलने काढलेली नवी टूम नाही. नवी गोष्ट एवढीच की पूर्वी जामीन राहिल्याचं कर्जदार, जामीनदार आणि बँक या तिघांना ठाऊक असायचं, आता प्रत्येक सावकाराला पडद्यावर दिसतं. गावच्या पतसंस्थेत जामीन राहिला असता तर ते सहसा तिथे दिसलंही नसतं; वाहन फायनान्स कंपनीचं दिसतं. आणि माझ्या मते या रिपोर्टातली सगळ्यात जड नोंद हीच होती. कार्डाची भानगड चार वर्षांपूर्वीची. ही मागच्या महिन्यातली.

शेवटी चौकश्यांचं पान. 6 ते 24 जानेवारी या काळात पाच वित्तसंस्थांनी त्याचा रिपोर्ट मागवला होता. कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटाने एकच अर्ज पाच ठिकाणी टाकला होता. त्याला वाटलं पाचांत एक तरी लागेल. पाचव्या बँकेला मात्र दिसलं की हा चार दारं फिरून आलाय.

आणि ती? तिचा रिपोर्ट कोराच. कार्ड नाही, कर्ज नाही, मोबाइलसुद्धा रोख पैसे देऊन घेतलेला. स्कोअरच्या जागी उणे एक, म्हणजे इतिहास नाही. पहिल्या बँकेतल्या मॅडमनी तो उणे एक बघून "यांचं पण खराब आहे" असं म्हटलं होतं. आजवर एक रुपया कुणाचा न बुडवलेल्या बाईला! पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज निव्वळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने त्याच्या महिनाभर आधी, 6 जानेवारी 2025 च्या निर्देशांत सांगितलं होतं. पुढे ऑगस्टमध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत तेच पुन्हा सांगितलं. निर्देश काउंटरपर्यंत उतरायला वेळ लागतो, हे मी 32 वर्षं काउंटरच्या आतून बघितलंय.

पाच महिने

मी दोन वाटा सांगितल्या. एक, 36 लाख 9.40 ने घे, वरचे 6 लाख पतसंस्थेतून उचल, फ्लॅट हातचा जाणार नाही. दोन, इसार सोड, पाच-सहा महिने थांब, रिपोर्ट नीट कर. तो पहिल्या वाटेकडे झुकला होता. तिने फाइलच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला : 36 लाखांचा हप्ता 33,322, पतसंस्थेचे 6 लाख 14 टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर 13,961. महिन्याला 47,283. "म्हणजे माझा पगार जातो आणि वर तुझ्यातले तेरा हजार," ती म्हणाली. विमा तिने धरलाच नव्हता. थांबायचं ठरलं.

मालकाने 1 लाखातले 75,000 परत दिले. कायद्याने तो सगळे ठेवू शकला असता की नाही यावर इसारपावतीच्या भाषेवरून बराच वाद घालता आला असता. आम्ही घातला नाही.

दुचाकीची तक्रार 11 फेब्रुवारीला क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर टाकली, एनओसी आणि आरसी जोडून. याला 30 दिवसांची मुदत असते. 26 एप्रिल 2024 पासून नियम असा की मुदत उलटली तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. दुरुस्ती 30 मार्चला झाली, 47 व्या दिवशी. 17 दिवसांचे 1,700 रुपये त्याच्या खात्यात आले. या सगळ्या प्रकरणात त्याला खऱ्या अर्थाने झालेला आनंद मी एकदाच बघितला, तो त्या 1,700 चा.

कार्डाला जास्त दिवस लागले. शाखेत गेलं तर सांगतात कार्ड विभाग वेगळा, विभागाला फोन केला तर सांगतात मिटलेल्या खात्याचं काही होत नाही. होतं. सोडलेली रक्कम भरायची तयारी आहे, खातं पूर्ण फेडलेलं म्हणून नोंदवा, असं लेखी द्यावं लागतं. तीन आठवड्यांनी त्यांचं उत्तर आलं, त्याने 51,000 भरले, बाकी नसल्याचं पत्र घेतलं आणि मे महिन्यात 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' झालं. चार वर्षांपूर्वी सुटलेले पैसे पुन्हा भरताना त्याचा जीव तुटत होता. उशिराच्या हप्त्यांच्या जुन्या चौकटी त्याने पुसल्या गेल्या नाहीत. त्या पुसायचं आमिष दाखवणारे 'सिबिल दुरुस्ती'वाले आहेत, त्यांना पैसे देऊ नयेत. खरी नोंद कुणालाही काढता येत नाही. खोटी असेल तर ती तक्रारीने फुकट निघते.

सांगोल्याला ते दोघं शिमग्याच्या आदल्या शनिवारी गेले. मी सोबत नव्हतो, तिच्याकडून ऐकलं ते लिहितो. मामांनी आधी पुरणपोळीचा आग्रह केला, मग विषय निघाल्यावर ताट सरकवलं. "सही केलीस म्हणजे आमच्या घरात हिशोब मागायला आलास का?" मामेभाऊ मान खाली घालून बसला होता. गाडी विकावी तर बाजारात कर्जापेक्षा कमी किंमत येत होती, आणि विकली तर पुढच्या हंगामात क्रेट कशात नेणार? शेवटी याने तीन हप्त्यांचे 42,600 तिथल्या तिथे मोबाइलवरून भरले. त्याच्या आईने नंतर भावाला फोन करून काय सुनावलं ते मला कळलं नाही, पण एप्रिलपासून मामेभावाचा हप्ता वेळेवर जाऊ लागला. आजवर त्याने 20,000 परतही दिले आहेत.

एका सल्ल्यात मी चुकलो. तिचा इतिहास तयार व्हावा म्हणून 25,000 ची मुदतठेव करून त्या ठेवीवर कार्ड घ्यायला लावलं. तिने दर महिन्याला किराणा त्यावर घेतला, वेळेवर भरला. जुलैपर्यंत तिचा आकडा काही उगवला नाही.

त्याचा मात्र हलला. एप्रिलमध्ये 709, जुलैत 741. जानेवारी 2025 पासून बँकांनी दर पंधरवड्याला माहिती कळवायचा नियम लागू झाला होता, पूर्वी महिन्याने जायची; त्याचा इथे फायदा झाला. या काळात त्याने एकही नवा अर्ज केला नाही आणि एजंटाचा नंबर ब्लॉक केला.

जुलैत एकाच बँकेत अर्ज दिला, जिथे तिचा पगार जमा होतो तिथे. यावेळी फाइलच्या सगळ्यात वर एक पानी पत्र लावलं : कार्ड का थकलं, कधी पूर्ण फेडलं, जामिनाच्या कर्जाची आजची स्थिती काय. हे पत्र मी सांगून लिहून घेतलं. अधिकाऱ्याला जे सापडणारच आहे ते आपण आधी सांगावं. नवीन फ्लॅट त्याच रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, 59.50 लाखांना. खरेदी तिच्या एकटीच्या नावावर केली, कारण महाराष्ट्रात खरेदीदार फक्त स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते; 59,500 वाचले आणि जुळवाजुळव कशीबशी काठावर बसली. मुख्य अर्जदार ती, सहअर्जदार तो. दर ठरवताना बँकेने त्याचा आकडा धरला. 42 लाख, 7.75 टक्के, हप्ता 34,480. विम्याचा फॉर्म तिने फुलीसकट परत दिला.

हिशोब

मंजुरीपत्र घेऊन तो आला तेव्हा म्हणाला, "काका, सिबिल सुधारलं आणि व्याज 9.40 वरून 7.75 वर आलं!" त्याच्या आनंदावर मी विरजण घातलं, कारण हे प्रकरण समजायचं तर ते गरजेचं आहे.

7 फेब्रुवारी, 9 एप्रिल आणि 6 जून 2025 या तीन तारखांना मिळून रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) 6.50 वरून 5.50 वर आणला. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं अशा बाहेरच्या दराशीच बांधलेली असतात. म्हणजे 1.65 टक्क्यांच्या घसरणीतला पूर्ण 1 टक्का सगळ्यांनाच मिळाला, 668 वाल्यालाही. जानेवारीत 9.40 ने कर्ज उचललं असतं तरी ते आपोआप 8.40 वर आलं असतं.

स्कोअरने कमावलं ते उरलेलं 0.65. आधी तो सर्वोत्तम दरापेक्षा 0.90 ने वर होता, आता 0.25 ने आहे. 42 लाखांवर 8.40 चा हप्ता 36,183, 7.75 चा 34,480. महिन्याला 1,703 चा फरक. वीस वर्षं चाललं तर 4,08,720. पण वीस वर्षं कुणी चालवतं? बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, बोनस आला की लोक भरतात. आठ वर्षं धरली तर 1,63,488.

आता दुसरं पारडं. इसारातले गेलेले 25,000. फ्लॅट दीड लाखाने महाग. झाले 1,75,000. कार्डाचे 51,000 मी यात धरत नाही, ते त्याचं जुनं देणंच होतं. मामेभावाचे पैसे येतायत. भाडंही धरत नाही, कारण घर घेतलं असतं तर त्या महिन्यांत भाड्यापेक्षा जास्त व्याज गेलं असतं. म्हणजे नुसत्या दराकडे बघितलं तर पाच महिन्यांची सगळी खटपट जवळजवळ बरोबरीत सुटली. थांबा, स्कोअर वाढवा, लाखो वाचतील, असं जे सगळीकडे सांगितलं जातं ते इथे खरं ठरलं नाही.

खरा फरक पडला तो 36 आणि 42 यांत. लोक स्कोअरकडे व्याजाची किंमत म्हणून बघतात. माझ्या टेबलावर तो आधी रकमेची कात्री असायचा. त्या 6 लाखांपायी जानेवारीत दोघांवर महिन्याला 47,283 चा बोजा आला असता, आज 34,480 आहे. रेपोची कपात त्या जुन्या कर्जालाही मिळाली असती हे मान्य, पण पतसंस्थेच्या कर्जाला नाही. 96,000 च्या घरात महिन्याला दहा-बारा हजारांनी काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

त्याचा आकडा जानेवारीत 668 होता आणि माझ्या हिशेबी तो माणूस तेव्हाही 42 लाखांच्या लायकीचा होता. नोकरी तीच, पगार तोच, बायको तीच. बदललं ते एवढंच की एक चुकीची नोंद निघाली, एक अर्धवट देणं पुरं झालं आणि दुसऱ्याच्या गाडीचे हप्ते भरले गेले. यंत्राने त्याला 73 गुण वाढवून दिले. मी खुर्चीवर असतो तर जामिनाची थकबाकी भरून ये, एवढंच सांगून सही केली असती. पण मी खुर्चीवर होतो तेव्हा अर्ज दिवसाला चार यायचे, आता चाळीस येतात, आणि चाळीस अर्जांत सहावं पान नीट वाचायला कुणाला सवड आहे?

ऑगस्टात गृहप्रवेश झाला. मामा-मामी आले, डाळिंबांचं एक क्रेट घेऊन. छोट्या हत्तीचं कर्ज मार्च 2027 पर्यंत आहे. दर महिन्याच्या 7 तारखेला सकाळी नऊ वाजता त्याच्या मोबाइलवर गजर वाजतो आणि तो सांगोल्याला फोन लावतो. पहिली पाच मिनिटं तो पावसापाण्याचंच विचारतो.